तुरीच्या रांगेत उसाचं उत्तर

लातूरच्या एका अभ्यासिकेत मी रविवारी मुलांचे निबंध तपासतो. राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून निबंधाच्या पेपरची धास्ती वाढली आहे, आणि धास्तीबरोबर कात्रणांच्या फायलीही जाड झाल्या आहेत. मागच्या उन्हाळ्यात औसा तालुक्यातल्या एका मुलीनं तिची फाइल माझ्यापुढे ठेवली. विषय मीच दिलेला होता: 'मराठवाड्यासारख्या दुष्काळप्रवण भागात ऊस लागवडीवर कायद्याने बंधने घालावीत काय?' फाइलमध्ये एकतीस कात्रणं. काही वर्तमानपत्रातून कापलेली, काही जुन्या अंकांच्या छापील प्रती. प्रत्येकावर पिवळ्या हायलायटरनं 'ऊस', 'दुष्काळ', 'पाणी', 'मराठवाडा' हे शब्द रंगवलेले.

"सर, एवढं पुरेल ना?"

मी म्हटलं, आधी यातलं लागतं किती ते बघू. तासाभरानं टेबलावर दोन ढीग झाले. लागणाऱ्या ढिगात पाच कात्रणं होती, आणि त्यातलं एक तिनं आणलेलंच नव्हतं. मी माझ्या कपाटातून काढून वर ठेवलं होतं.

बातमी खरी की खोटी, हे तपासायला आता शाळेतही शिकवतात. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवांनी निदान तेवढं काम केलं. पण या एकतीसमध्ये खोटं काहीच नव्हतं. नामांकित वर्तमानपत्रं, नाव छापलेले वार्ताहर, तारखा जागच्या जागी. अडचण वेगळी होती. बातम्या विषयाला धरून होत्या, प्रश्नाला धरून नव्हत्या. विषय म्हणजे एक मोठं रान; ऊस, पाणी, दुष्काळ, कारखाने, सगळं त्यात येतं. प्रश्न म्हणजे त्या रानातली एकच पायवाट, आणि ती कुठे जाते हे त्यातल्या क्रियापदावर ठरतं. 'बंधने घालावीत काय' असं विचारलं की उत्तर 'घालावीत' किंवा 'घालू नयेत' असं द्यावं लागतं. हायलायटर नामांना रंगवतो. वाद असतो तो क्रियापदात.

तिचं सगळ्यात आवडतं कात्रण आयपीएलचं होतं. एप्रिल 2016 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितलं होतं, तेव्हाचं. मैदानं आणि खेळपट्ट्या राखायला सुमारे 60 लाख लिटर पाणी लागणार, असं न्यायालयापुढे मांडलं गेलं होतं. पाण्यावरून सामने हलवले जातात, याहून ठसठशीत बातमी कुठली, असं तिचं म्हणणं. मी तिला कात्रणाच्या पाठकोऱ्या बाजूवर एक हिशेब करायला सांगितला. शेतीची पुस्तकं उसाची वर्षाची पाण्याची गरज ढोबळमानानं 1500 ते 2500 मिलिमीटर धरतात. हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10 हजार लिटर. म्हणजे हेक्टरी दीड ते अडीच कोटी लिटर, आणि एकरी साधारण 60 लाख ते एक कोटी. त्यातलं काही पावसातून मिळतं हे धरलं तरी मान ध्यानात येतं. तिनं पेन खाली ठेवलं. राज्यभर गाजलेलं ते पाणी जेमतेम एक एकर उसाचं होतं.

आकडा गमतीचा आहे, निबंधात वापरताही येईल. पण माझा मुद्दा आकड्याचा नव्हता. मी विचारलं, "समज, उलट झालं असतं. न्यायालयानं सामने होऊ दिले असते. मग उसावर बंधनं घालावीत की नाही, या तुझ्या मतात काही फरक पडला असता का?"

ती म्हणाली, नाही.

"आणि सामने गेले म्हणून तरी पडला का?"

तेही नाही. मग ही बातमी या प्रश्नाच्या घरची नव्हे. पाहुणी म्हणून आली आहे, चहा घेऊन जाईल.

ही उलटापालट करून बघायची सवय मला फार उपयोगी पडली आहे. बातमी हातात घ्यायची, ती मनातल्या मनात उलटी करायची, आणि आपलं उत्तर हलतं का ते बघायचं. हललं तर बातमी कामाची. ढिम्म राहिलं तर ती कितीही खरी, कितीही गाजलेली असो, निबंधात ती जागा अडवणार. तराजूत वजन टाकलं आणि काटा जागचा हलला नाही, तर एकतर वजन पोकळ किंवा ते पारड्यात पडलेलंच नाही.

पाण्याच्या रेल्वेचं कात्रण बाजूला काढताना मात्र तिच्याइतकंच मलाही जड गेलं. आम्ही लातूरकर ते 2016 विसरू शकत नाही. पाणी भरण्याच्या ठिकाणी मार्चमध्ये जमावबंदी लागली होती, घागरीसाठी रात्र रात्र जागलेली माणसं आजही त्या वर्षाचं नाव काढलं की गप्प होतात. 12 एप्रिलला मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या सुरू झाल्या. या बातमीनं निबंधाची सुरुवात करायचा मोह कुणाला होणार नाही? माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या निबंधांत ती गाडी पहिल्याच परिच्छेदात शिट्टी वाजवते.

पण ती सिद्ध काय करते? मराठवाड्यात दुष्काळ पडतो, एवढंच. आणि ते तर प्रश्नानं आधीच मान्य केलेलं आहे. 'दुष्काळप्रवण' हा शब्द विचारणाऱ्यानंच घातला आहे. जे प्रश्नात गृहीत धरलेलं आहे त्याला पुरावे देत बसणं म्हणजे शिजलेल्या भाताला पुन्हा आधण ठेवणं. वाद आहे तो दुष्काळाचा आणि उसाचा संबंध काय, यावर. लातूरला पाणी येतं ते मांजरा धरणातून. ते कोरडं पडलं हे साऱ्यांना माहीत आहे. त्याआधीच्या वर्षांत धरणातलं पाणी कुठे किती गेलं, पिण्याला किती, पाटाला किती, जलाशयाच्या काठावरून उपसा किती, हे सांगणारी बातमी मिळाली तर ती मात्र थेट प्रश्नाच्या गाभ्यात शिरते. मग ती आतल्या पानावर, सहाव्या स्तंभात, फोटोशिवाय आलेली का असेना. ती उलटी करून बघा: मांजरेचं पाणी उसाला गेलंच नाही, असं निघालं, तर बंधनाच्या बाजूचा एक मोठा खांब पडतो. रेल्वेची बातमी उलटी करून असं काही पडत नाही.

याच ढिगात 2019 मधली एक बातमी होती, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची. वाचून झोप लागू नये अशी. तिनं तिच्यावर दोन तारे काढले होते. ती बाजूला ठेवायला सांगितल्यावर ती माझ्यावर रागावली, आणि तिचा राग मला आवडला. पण बघा: तोडणीच्या फडावर उद्या सगळ्या बायकांना सुट्टी, दवाखाना, चांगली मजुरी मिळाली, तर मराठवाड्यात पाणी पुरेल का? आणि हे काही मिळालं नाही, तर निव्वळ त्यावरून पाण्याचा कायदा करायचा का? तो अन्याय कामगार कायद्याच्या दारात न्यायचा आहे. प्रश्न 'साखर धंद्याची फेररचना करावी काय' असा असता तर हेच कात्रण मी सर्वांत वर ठेवलं असतं. बातमीला स्वतःची अशी प्रस्तुतता नसते. ती कुठल्या प्रश्नापुढे उभी केली आहे त्यावर ठरते. मनाला पीळ पाडणारी बातमी निबंधात ओढून आणली की परीक्षकाला ते लगेच कळतं, आणि त्या बायकांच्या दुःखाचाही तो एक प्रकारे वापरच होतो.

आता ते पाचवं कात्रण, माझ्या कपाटातलं. एप्रिल 2017. खरेदी केंद्राबाहेर तुरीच्या पोत्यांनी भरलेल्या ट्रॅक्टरांची आणि टेम्पोंची रांग. कुणी ट्रॉलीखाली झोपलेलं, कुणी भाकरी सोडून बसलेलं. आदल्या पावसाळ्यात पाऊस चांगला झाला होता, त्याआधी तूरडाळ दोनशे रुपयांवर गेलेली सगळ्यांनी पाहिली होती, सरकारनंही कडधान्य पेरा म्हणून सांगितलं होतं. लोकांनी तूर पेरली. उदंड आली. हमीभाव होता क्विंटलला 5050 रुपये, बाजारात भाव त्याच्या खाली घसरलेला. म्हणून सगळे सरकारी केंद्रावर. तिथे कधी बारदाना नाही, कधी चाळणी लागून माल परत, कधी मोजमाप बंद. 22 एप्रिलला खरेदीची मुदत संपली तेव्हा हजारो शेतकरी रांगेतच होते. त्या तारखेपर्यंत केंद्रावर आलेली तूर घेऊ, असं सरकारला नंतर जाहीर करावं लागलं.

मुलीनं कात्रण दोनदा वाचलं. "सर, यात ऊस कुठंय?"

कुठेच नाही. 'ऊस' नाही, 'पाणी' नाही, 'दुष्काळ' नाही. तिचा हायलायटर या कात्रणावरून कोरडाच गेला असता. आणि तरी माझ्या मते त्या एकतीसांपेक्षा हेच जास्त प्रस्तुत आहे. कारण 'बंधने घालावीत काय' म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: मग शेतकऱ्यानं लावायचं काय? लातूरकडे त्याचं सरळ उत्तर तूर, सोयाबीन, हरभरा. तूर कमी पाण्यावर येते हे कृषी विद्यापीठानं सांगायची गरज नाही, आमच्या आज्याला ते ठाऊक होतं. पण पीक निवडताना शेतकरी एकटं पाणी बघत नाही, विकण्याची खात्रीही बघतो. उसाच्या बाबतीत ती खात्री कायद्यात आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्यानं ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर व्याज. रास्त आणि किफायतशीर दर, ज्याला सगळे एफआरपी म्हणतात, तो त्याच 2016-17 च्या हंगामात साडेनऊ टक्के उताऱ्याला टनामागे 2300 रुपये होता. तुरीलाही जाहीर भाव होताच. पण त्या भावानं माल घ्यायलाच हवा असं बंधन कुणावर नव्हतं. ऊस कारखान्याच्या काट्यावर जातो, तूर रांगेत उभी राहते. ही रांग उलटी करून बघा. तुरीची पोती केंद्रावर चुटकीसरशी मोजून घेतली गेली असती, पैसे आठवड्यात खात्यावर आले असते, तर 'लोक आपणहून ऊस सोडतील, कायदा कशाला' असं म्हणायला जागा झाली असती. ती रांग आहे म्हणूनच बंधनाची बाजू घेणाऱ्यालाही आधी तुरीची हमी मागावी लागते. दोन्हीकडून उत्तर हलतं.

एफआरपीच्या बातमीचंही तसंच. दरवर्षी ती येते, बहुधा अर्थविषयक पानावर, दिल्लीच्या तारखेनं, केंद्रीय मंत्रिमंडळानं दर इतका केला एवढंच सांगत. मराठवाड्याचा तिच्यात उल्लेखही नसतो. पण मराठवाड्यात ऊस का वाढतो याचं अर्धं कारण त्या चार ओळींत असतं. वर्तमानपत्राचा स्वभावच आहे तो. जे अचानक घडलं ते बातमी. जे रोज, मुकाट्यानं घडतं ते बातमी होत नाही. धरण आटलं की पहिलं पान, धरण आटवणारी व्यवस्था बारा महिने आतल्या पानांत तुकड्यातुकड्यांनी विखुरलेली. निबंध लिहिणाऱ्याला हे तुकडे वेचावे लागतात, आणि विषयाचे शब्द शोधून ते सापडत नाहीत. त्याआधी स्वतःला विचारावं लागतं, माझा युक्तिवाद कुठल्या पायरीवर डळमळतो? मग त्या पायरीखाली घालायला दगड शोधायचा.

उरलेल्या चारांपैकी एक कृषी खर्च व मूल्य आयोगाच्या हवाल्यानं छापलेल्या आकड्याचं होतं: महाराष्ट्रात पिकाखालच्या एकूण क्षेत्रापैकी चार टक्क्यांहून कमी क्षेत्र उसाचं, पण सिंचनाच्या पाण्यातलं जवळपास 70 टक्के पाणी त्याला जातं. हे अर्थातच कामाचं. मात्र तिनं निबंधाच्या मसुद्यात लिहिलं होतं, 'ऊस मराठवाड्याचे 70 टक्के पाणी पितो.' एका वाक्यात दोन घसरणी. आकडा राज्याचा, तिनं तो मराठवाड्याला लावला. आकडा सिंचनाच्या पाण्याचा, तिनं तो सगळ्या पाण्याचा केला. पहिल्या चुकीनं प्रस्तुत बातमी अप्रस्तुत होते, दुसरीनं ती खोटी होते. राज्याच्या आकड्यात कोल्हापूर-सांगलीही आहेत. पंचगंगेच्या काठावरच्या उसाची गोष्ट वेगळी, तिथे पुराची तक्रार असते.

दुसरं कात्रण 2019 चं. औरंगाबादच्या विभागीय आयुक्तालयानं मराठवाड्यात ऊस आणि साखर कारखान्यांवर बंदी घालावी अशी शिफारस सरकारला केल्याची बातमी. हिच्यात जागा जुळते, पीक जुळतं, बंधनाची भाषाही जुळते. एवढं सगळं जुळलं की लिहिणारा सैल पडतो. शिफारस म्हणजे पुरावा नव्हे. एका जबाबदार अधिकाऱ्याचं मत आहे, आणि त्याच्या मागची कारणं काय, हे बातमीच्या खालच्या भागात असतं, जो भाग कात्रण कापताना कात्रीखाली गेला होता. हे मी थट्टेनं म्हणत नाही. मथळा आणि पहिला परिच्छेद एवढंच कापून ठेवणारी मुलं मी खूप पाहतो.

तिसरं, जुलै 2017 मधलं. उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा निर्णय, त्यासाठी सवलतीच्या व्याजाचं कर्ज. प्रश्नातला 'कायद्याने' हा शब्द बहुतेक मुलं गिळून टाकतात, आणि हे कात्रण नेमकं त्या शब्दाशी भिडतं. बंदी आणि मोकळीक यांच्या मधला एक रस्ता सरकारनं प्रत्यक्ष घेऊन पाहिला होता. मुलगी खूश झाली. मी म्हटलं, अर्धीच बातमी आणलीस. निर्णय झाला हे कळलं. पुढे काय झालं? किती रानांत नळ्या पसरल्या, किती शेतकऱ्यांना कर्ज मिळालं, सक्ती म्हणजे कुणी कुणाला काय केलं? घोषणेची बातमी आणि परिणामाची बातमी या वेगळ्या जाती आहेत. पहिली भरपूर पिकते. दुसरीसाठी पुढच्या दोन-तीन वर्षांचे अंक चाळावे लागतात, आणि तुमच्या बाजूचा निकाल लागो की विरुद्ध, तीच निबंधात उभी राहते. ठिबकनं पाणी खरोखर वाचलं असेल तर बंदीची गरज कमी होते. वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लागला असेल तर गोष्ट पुन्हा उलटते.

चौथं तिच्या मताविरुद्ध जाणारं होतं, ऊस गेला तर तोडणी मजुरांपासून टायरवाल्यापर्यंत कुणाकुणाचं पोट जाईल, हे सांगणारं. ते तिनं फायलीत सगळ्यात मागे, उलटं घालून ठेवलं होतं. आपल्याला अडचणीची बातमी अप्रस्तुत वाटायला लागते, हा अनुभव मलाही आहे. एकदा एका वादविवाद स्पर्धेत अशीच एक बातमी मी खिशात दाबून ठेवली आणि प्रतिस्पर्ध्यानं तीच वाचून दाखवली.

बाकीच्या ढिगाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सात कात्रणं सात वर्तमानपत्रांची, पण एकाच वृत्तसंस्थेची, वाक्यंही तीच. साक्षीदार सात नव्हेत, एकच सात ठिकाणी बोलतोय. तीन उत्तर प्रदेशातल्या थकलेल्या ऊसबिलांची. गंगेच्या खोऱ्यात पाण्याची भांडणं वेगळी आहेत. एक अग्रलेख, ज्यातला युक्तिवाद घेण्याजोगा होता, पण तिनं त्यातलं मत 'वस्तुस्थिती' म्हणून उतरवलं होतं. आणि काही निव्वळ जुनी. तरी जुनं म्हणून मी सरसकट काढत नाही. 2017 चा हमीभाव आज लिहिला तर हसू होईल, तो आकडा शिळा झाला. रांग का लागली, याचं कारण जर आजही तसंच असेल, तर त्या बातमीतला तो भाग ताजा आहे.

पुढच्या रविवारी ती आली तेव्हा फाइल पातळ झाली होती. निबंध बरा होता. तुरीची रांग तिनं तिसऱ्या परिच्छेदात, बरोबर जागी घेतली होती. मग पिशवीतून दोन कागद काढून तिनं माझ्यापुढे ठेवले. एक कारखान्याची उसाच्या वजनाची पावती, टनेज आणि तारीख असलेली. दुसरी आडत्याची तुरीची पट्टी, हमाली-तोलाई कापून. दोन्ही तिच्या वडिलांच्या नावच्या, दोन्ही एकाच वर्षाच्या. घरच्या पत्र्याच्या पेटीत सापडल्या, म्हणाली.

"यातली बातमी एकही नाही, सर. चालेल का?"

मी पट्टी हातात घेतली. खाली आडत्याच्या अक्षरात शेराही होता: रक्कम दोन हप्त्यांत. पावती मी तिच्याकडे सरकवली आणि म्हटलं, "आता ही तू उलटी करून बघ."